आग्नेय कोपऱ्यातली सुपारी

१

मुठा गावात काही हरवलं, भांडण झालं किंवा कुणाच्या विहिरीतली मोटार गेली, तर लोक पौडच्या ठाण्यात जायच्या आधी अनसूया कंधारेंच्या ओट्यावर येतात. फौजदार म्हणून निवृत्त होऊन बाई गावी परतल्या, पण गावाच्या लेखी त्या अजून नोकरीवरच आहेत. बाई या छळाबद्दल कुरकुर करतात. आठवडाभर कुणी फिरकलं नाही, की मात्र सुनेच्या आमटीत खोड्या काढायला लागतात. त्यामुळे गावात अधूनमधून काहीतरी घडावं, असं त्यांच्या सुनेलाच मनापासून वाटतं.

त्या शनिवारी सकाळी बाई उन्हात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. माळावरच्या नव्या बंगल्यातला मनीष दारात येऊन उभा राहिला. तो आणि त्याची बायको मेधा महाळुंग्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि शनिवार-रविवार इकडे यायचे. बंगला मात्र त्या दोघांचा नव्हता. तो मेधा आणि तिची कॉलेजातली मैत्रीण जान्हवी, दोघींनी मिळून घेतला होता. गावाला या व्यवहाराचं नवल वाटलं होतं. सख्ख्या भावांचं एका बांधावर पटत नाही, तिथं या दोन पोरी एका छपराखाली कशा नांदणार, असं लोक बोलत होते. लोकांच्या जिभेला हाड नसतं, पण या वेळी लोक चुकले नव्हते.

"मॅडम, आमच्या घरातला वास्तुपुरुष चोरीला गेला," मनीष म्हणाला.

बाईंचा शेंगेवरचा हात थांबला. दानपेट्या, समया, देवीचे मुखवटे, हे सगळं चोरीला गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी जमिनीत पालथी पुरलेली बोटभर चांदीची प्रतिमा उकरून नेणारा चोर त्यांना आजवर भेटला नव्हता. एवढ्याशा चांदीसाठी कुणी फरशी उचकटत नाही. हा हात चांदीवर पडला नव्हता, घराच्या मुळावर पडला होता.

"कुनावर संशय?"

"संशय नाही, पुरावा आहे. प्रतिमा जान्हवीच्याच कपाटात सापडली, स्वेटरच्या खाली. फरश्या बसवणाऱ्या राजूच्या समोर काढलीय." मनीष जरा पुढे झुकला. "तुम्ही तिला फक्त समजवा. संध्याकाळपर्यंत तिचा हिस्सा आमच्या नावावर करायला ती कबूल झाली, तर आम्ही ठाण्यात जाणार नाही."

बाईंनी सोललेले दाणे सुनेकडे दिले आणि चपला घातल्या. चोर सापडलेला, माल सापडलेला आणि शिक्षाही ठरलेली. इतकी तयार केस त्यांच्या हातात कुणी सुखासुखी दिली नव्हती, आणि सुखासुखी मिळालेल्या केसवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

२

बंगल्यात खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, मेधा-मनीषची खोली आणि स्वयंपाकघराला लागून सामानाची लहानशी खोली. वरच्या मजल्यावर जान्हवी. ती घरूनच काम करी आणि बाराही महिने इथेच राही.

मेधाने बाईंना सरळ सामानाच्या खोलीत नेलं. तांदळाचं जड पिंप बाजूला सरकवलेलं होतं. भिंतीलगतची एक फरशी उचकटून शेजारी ठेवली होती, तिचा एक कोपरा उडालेला. खाली ओंजळभर खड्डा. बाकीच्या एकाही फरशीवर ओरखडा नव्हता.

खड्डा मात्र रिकामा नव्हता. त्यात विड्याचं एक हिरवंगार पान होतं. पानावर सुपारी, सुपारीवर हळद-कुंकू आणि चार अक्षता.

"बघा," मेधा म्हणाली. "मला टोमणा मारून गेलीय. घरात करणी करून ठेवलीय."

कसला टोमणा, ते बाईंनी विचारलं. मेधाने अर्धं सांगितलं, उरलेलं बाईंनी तिच्या चेहऱ्यावरून वाचलं. वास्तुशांतीला जोडपं बसतं. जान्हवी नवऱ्यापासून वेगळी झालेली. घर दोघींचं आहे, तर मीही पूजेला बसणार, असं तिने म्हटलं. गुरुजी समजूतदार होते. जोडीदार हजर नसेल तर कमरेला सुपारी खोचून बसता येतं, असं त्यांनी सांगितलं. मेधाला ते पटलं नाही. मांडवात साठ पानं उठत होती, लातूरहून सासर-माहेरची माणसं आली होती. आपल्या पूजेला दोन-दोन यजमानिणी असल्या तर लोक काय म्हणतील, याची तिला लाज वाटली. त्या भरात ती सर्वांदेखत बोलून गेली, की जिला नवरा टिकवता आला नाही, तिच्याकडे सुपारी तरी टिकेल का. काही पाहुणे हसले. जान्हवी गच्चीवर निघून गेली आणि पंगती उठेपर्यंत खाली आली नाही.

"तेव्हापासून तिच्या मनात हे घर खुपतंय," मेधा म्हणाली. "आठवडाभर इथे एकटीच होती. आम्ही काल संध्याकाळी आलो. आज सकाळी ती दूध आणायला गेली आणि मी तांदूळ काढायला इथे आले, तर हे."

"तिला जागा ठावं व्हती?"

"का नसेल? घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होती."

स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मेधाने गॅसच्या सिलिंडरमागचा कोपरा दाखवला. फरशीवर तेलाचा काळपट गोल डाग होता, बरेच दिवस मुरलेला. "घर कसं ठेवते तेही बघा. तेलाची बाटली खाली ठेवते, पुसत नाही. वर्षभर सांगून माझं तोंड दुखलं."

मनीष दारातून वैतागून म्हणाला, "मसणात जाऊ दे हे घर एकदाचं."

"घरात असं बोलू नये," मेधा चटकन म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणते."

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ओट्यावर पडलेल्या कालथ्याकडे एकदा. कालथ्याचं टोक वाकलेलं होतं.

३

राजू अंगणात फटफटीवर बसला होता. माळाची ही जमीन त्याच्या आईने, सगुणाबाईने, विकली होती, आणि घराच्या फरश्या त्यानेच बसवल्या होत्या. आईने आपल्याला न विचारता माळ विकला, हा राग त्याने कधी लपवला नव्हता. या बायका भांडून जातील आणि माळ पुन्हा माझ्याकडे येईल, असं तो चहाच्या टपरीवर उघड म्हणायचा. बाईंनी त्याला हेच तोंडावर ऐकवलं.

"बोललो व्हतो, न्हाई कशाला म्हनू," राजू म्हणाला. "पर देव उकरन्याइतका हलकट न्हाई मी. आन् उकरायचाच आसता तर फरशीचा कोपरा उडीवला आसता का? वाळूवर बशिवलीया ती. थापी घालून आल्लाद निगती."

हे बाईंच्याही ध्यानात आलं होतं. ही फरशी उचकटणाऱ्याला फरशीचा गंध नव्हता, जे हाताला लागलं त्याने ती काढली होती.

"तवा ती बशिवताना कोन कोन व्हतं तितं?" बाईंनी विचारलं.

"भटजी, ही नवराबायकू आन् मी. खोलीत चौघांच्या वर मानूस मावतंय कुटं? लगोलग वर पिंप ठिवलं."

"आन् जान्हवी?"

"ती गच्चीवर रडत व्हती. आमची आय तिला ताट घिऊन गेली, तर तिनं ताटाला हात लावला न्हाई."

बाई जिना चढून वर गेल्या. जान्हवी खिडकीपाशी उभी होती. कपाटाचं दार सताड उघडं, स्वेटर जमिनीवर. तिने बाईंना बसा म्हटलं नाही.

"तुम्हालाही त्यांनीच बोलावलंय ना? मग ठरलंच आहे सगळं."

"माझं काई ठरलं न्हाई. तू केलंस का हे?"

"मी नाही म्हटलं तर कोण ऐकणार आहे? माल माझ्या कपाटात आहे. कारण माझ्याकडे आहे. आठवडाभर मी एकटी होते." तिचा आवाज चढला. "अकोल्याच्या घरात भावाने मला जागा ठेवली नाही. नवऱ्याच्या घरातून मी दोन बॅगा घेऊन निघाले. माझ्याकडे होतं नव्हतं ते या भिंतींत आहे. मी कशाला माझंच घर उकरीन? त्यांना शनिवार-रविवारी पाहुण्यांना बंगला भाड्याने द्यायचाय. वर एक बाई कायमची राहते म्हणून कुणी घेत नाही. मी निघाले की मोकळं."

"तसं त्यांनी बोलून दावलं कवा?"

"मनीष चार वेळा बोलला. मी चारही वेळा नाही म्हटलं. मेधा गप्प बसायची." तिने जमिनीवरचा स्वेटर उचलला. "हॉस्टेलला आम्ही एका गादीवर झोपायचो. घर घेऊ तर दोघींचं, असं तेव्हाच ठरवलं होतं. तिचं लग्न झालं, माझं मोडलं, तरी ती शब्दाला जागली. आणि आता मला चोर म्हणायला तिला काही वाटत नाही."

रागाने बोलणारा माणूस खरा असतोच असं नाही. बाईंनी पोलीस कोठडीत याहून चांगला राग पाहिला होता. त्यांना रागापेक्षा घट्ट काहीतरी हवं होतं. खाली जाताना त्या जिन्यात थबकल्या, कारण मघापासून डोक्यात घोळणारी एक गोष्ट आता जागेवर बसत होती. तेलाची बाटली ठेवल्याचा डाग कड्यासारखा उठतो. तो डाग मधोमध सर्वांत काळा होता.

४

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाईंनी सिलिंडर ओढला आणि खाली बसल्या. डागाच्या वर, भिंतीच्या बुडाशी, काजळीचा बोटभर पट्टा चढला होता. सिलिंडरमागे फुलवातीची दोन जळकी टोकं पडली होती आणि कोपऱ्यात वाळून खडा झालेला भाताचा एक कण.

त्यांनी जान्हवीला खाली हाक मारली. ती आली आणि सरकवलेला सिलिंडर पाहून तिचा चेहरा पडला. चोरी पकडली जावी तसा नव्हे. खाजगी गोष्ट उघड्यावर आली की माणूस ओशाळतं, तसा.

"दिवा लावतीस हितं?"

जान्हवीने होकारार्थी मान हलवली. 

"कुनाला?"

"वास्तुपुरुषाला." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मला पूजेला बसू दिलं नाही, पण घर माझंही आहे. आग्नेय कोपऱ्यात पुरलाय एवढंच कानावर आलं होतं. विचारणार कुणाला? मी मोबाइलवर दिशा बघितली. हा कोपरा निघाला. सणावाराला त्यालाही घास ठेवायचे. ही दोघं नसताना."

मोबाइलने दिशा बरोबर दाखवली होती. घराचा आग्नेय कोपरा हाच. पण त्याच्या बरोबर खालून मोरीचा नळ जातो, हे राजूने पूजेच्या दिवशी गुरुजींना सांगितलं होतं, आणि देवाच्या डोक्यावरून सांडपाणी नको म्हणून गुरुजींनी खड्डा भिंतीपलीकडे, सामानाच्या खोलीत घ्यायला लावला होता. बाईंनी अंगणात जाऊन राजूला विचारलं, तेव्हा त्यांना हे कळलं.

म्हणजे ही पोरगी वर्षभर नळाला दिवा ओवाळत होती. हसू यावं अशी चूक, पण बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि सर्वांना सामानाच्या खोलीत बोलावलं. अजून एक नाव उरलं होतं, आणि ते नाव त्यांना त्या माणसाच्याच तोंडून हवं होतं.

५

मेधा, मनीष आणि जान्हवी आत उभे राहिले, राजू दारात. बाईंनी गुडघे टेकले.

"आदी ही घान बाहीर काढू," त्या म्हणाल्या. "करनीची सुपारी घरात ठिऊ न्हाई. चुलीत घालते." आणि त्यांनी सुपारीला हात घातला.

"नको!" मेधाने त्यांचं मनगट धरलं. "थांबा. आधी प्रतिमा ठेवू. नाहीतर तोवर जागा रिकामी राहील."

बाईंनी सुपारी सोडली. मेधाचा हात मात्र अजून त्यांच्या मनगटावर होता.

"कुनाची जागा?"

मेधाने हात काढून घेतला.

"बाई, ज्याच्या घरात करनीची सुपारी घावती, तो ती चिमट्यानं धरून बाहीर फेकतो," अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या. "तू तिला जपतीस. कारन ती करनी न्हाई, तुला ठावं हाय. मूर्ती हाताशी नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात. टोमना मारनारं मानूस सुपारी फेकून जातं. पान मांडून, हळदकुकू वाहून, अक्षता टाकत न्हाई. ज्यानं देव काढला, त्याला देवाची भीती व्हती. घराची जागा मोकळी राहू नये, आपल्यालाच बाधंल, असं त्याला वाटलं. मसनाचं नाव काढलं तवा दचकलीस तू एकटीच."

मनीष म्हणाला, हा काही पुरावा नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पान हिरवंगार हाय. आठवड्याचं आसतं तर सुकून पिवळं पडलं आसतं. काल सांच्याला तुमी आलात, त्याच्या मागनंच ते मांडलंय. राजूनं काढली आसती तर फरशीचा कोपरा शाबूत आसता. वाकलेला कालथा तुमच्याच वट्यावर हाय. ऱ्हायली जान्हवी. तिला ही जागा ठावंच नव्हती."

"कशावरून?" मेधा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"तू वर्सभर ज्या डागासाठी तिला घालून पाडून बोललीस, त्यावरून. तो बाटलीचा डाग न्हाई, दिव्याचा हाय. ती तितं, नळाच्या कोपऱ्यात, वास्तुपुरुषाला दिवा लावत व्हती. जिला देव तितं हाय असं वाटतं, ती हितली फरशी कशाला उचकटंल? उचकटनाऱ्यानं दुसऱ्या एका फरशीला बोट लावलं न्हाई. नेमकं पिंप सरकवून नेमकी हीच काढली. ही जागा बघितलेली चारच मानसं. त्यातलं भटजी हितं न्हाईत."

 मग मनीष बायकोकडे वळला आणि दात ओठ खात म्हणाला, "तुला सुपारी ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

असं का केलंस, असं त्याने विचारलं नाही. ते सगळ्यांनाच ऐकू आलं. राजूने दारातल्या दारात मान फिरवली.

मेधा पिंपावर बसली. तिने जान्हवीकडे न बघता बोलायला सुरुवात केली. नुसता धाक घालायचा होता, ठाण्यात कुणीच जाणार नव्हतं. मनीषची नोकरी डळमळतेय, बंगला भाड्याने गेला असता तर हात मोकळा झाला असता. तू ऐकतच नव्हतीस. तुझा हिस्सा आम्ही फुकट घेणार नव्हतो.

जान्हवीने ते सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, आणि बाईंना ते रागापेक्षा वाईट वाटलं.

"प्रतिमा कुठाय?" तिने विचारलं.

मनीषने खिशातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. चांदी काळी पडली होती, खाचांत माती होती. जान्हवीने ती तळहातावर घेतली आणि खड्ड्यापाशी बसली.

"गुरुजींना बोलवायला हवं," मेधा पुटपुटली. "जोडीने…"

जान्हवीने पानावरची सुपारी उचलली, हळदकुंकवासकट कमरेला खोचली, आणि प्रतिमा खड्ड्यात पालथी ठेवली. वर माती लोटली. फरशी तिने स्वतःच बसवली, उडालेला कोपरा भिंतीकडे करून.

"आता नीट ऐक," ती उठत म्हणाली. "मी तक्रार करणार नाही. सहीही करणार नाही. हे घर विकायचं म्हटलं, भाड्याने द्यायचं म्हटलं, तर तुला माझी सही लागेल, आणि ती तुला कधीही मिळणार नाही. तू शनिवारी येत जा. अर्धं घर तुझं आहे. मी वरच असेन."

"जान्हवी, असं नको ना बोलूस," मेधाचे डोळे भरून आले. "घरात असं…"

"तथास्तु म्हणू दे की."

ती स्वयंपाकघरात गेली. बाई तिच्या मागोमाग आल्या. जान्हवीने ओट्याखालून सोड्याचं पाकीट आणि घासणी काढली, कोपऱ्यात बसली आणि तेलाच्या डागावर सोडा पसरला. मेधा दारात येऊन उभी राहिली.

विचारावं की नाही, असं बाईंना झालं. पण खोड जात नाही. "काय मागायचीस गं त्येच्याकडं, हितं बसून?"

जान्हवीचा हात थांबला नाही.

"माझं आणि मेधाचं पुन्हा पूर्वीसारखं होऊ दे."

मेधाने तोंडावर पदर धरावा तसा ओढणीचा बोळा धरला. जान्हवी घासत राहिली. डाग चिवट होता, पण हळूहळू फिका पडत गेला. तिने दोनदा पाणी टाकून फरशी पुसली, जळक्या वाती वेचून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि सिलिंडर जागेवर ढकलला.

मग तिने पहिल्यांदाच मेधाकडे वळून पाहिलं.

"वर्षभर सांगत होतीस ना," ती म्हणाली, "घे, झाला कोपरा साफ."